करवंदीच्या घाटातली सोबत

शेखर गेल्यावर त्याची सायकल विकायची नाही, एवढंच योगिनीने ठरवलं होतं. ती आपण चालवायची, असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. इंदिरानगरच्या एका शाळेत गणित शिकवणारी, गुडघ्यांची कुरकुर सुरू झालेली बाई ती. शेवटची सायकल तिने कॉलेजात चालवली होती, तीही पुढे टोपली असलेली. शेखरची सायकल बाल्कनीत भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. कपडे वाळत घालताना योगिनीचं कोपर हँडलला लागायचं. एकदा सहज टायरवर हात पडला, तर ते पार बसलेलं. का कोण जाणे, तिला ते बघवलं नाही. तिने सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली आणली आणि ढकलत ढकलत द्वारका चौकाजवळ आवेजच्या दुकानात नेली.

आवेज हा शेखरचा सायकलीवरचा जोडीदार. त्याचे वडील इनायतभाई त्याच गाळ्यात पंक्चर काढायचे; आवेजने गाळ्याला काचेचं दार बसवलं आणि आत महागड्या सायकली टांगल्या. शेखर अंबडला एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. कारखान्याला दिवाळीची सुट्टी लागली, भाऊबीज उरकली, की दोघं घाट चढायला निघायचे. सावळघाट, कोटंबीचा घाट, पेठेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बाऱ्ह्यावरून करवंदीचा घाट चढून सुरगाणा, मग सापुतारा, आणि वणीमार्गे घरी. करवंदीचा घाट तसा आडबाजूचा. लांबीने फार नाही, पण भिंतीसारखा उभा.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आवेजच्या घरी बाळ झालं होतं, म्हणून शेखर एकटाच गेला. करवंदीच्या घाटात, माथ्याच्या जरा अलीकडे, तो कठड्याला पाठ टेकून बसलेला सापडला. हृदय बंद पडलं होतं. सायकल शेजारी नीट उभी करून ठेवलेली. एका जीपवाल्याने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं आणि तो निघून गेला; फोन दवाखान्यातून आला. योगिनीने तो दवाखाना पाहिला, कागदांवर सह्या केल्या, शेखरला घरी आणलं. घाट मात्र तिने पाहिला नव्हता. तरी रोज संध्याकाळी भाजी चिरताना, वह्या तपासताना तो कठडा तिच्या डोळ्यांसमोर यायचा. तिथे तो किती वेळ एकटा बसला असेल? कुणाला हाका मारल्या असतील का? डॉक्टरांनी हृदयाचं सगळं समजावून सांगितलं होतं. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"हवा भरून देतो, भाभी," आवेज त्या दिवशी म्हणाला. "पण नुसती उभी ठेवली की ती पुन्हा अशीच होणार. मी सीट खाली घेऊन देऊ का? तुम्ही चालवून बघा."

तिने चालवून बघितली. आधी कॉलनीत, मग गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, मग त्र्यंबकपर्यंत. लेक पुण्याला शिकत होती. ती फोनवर म्हणायची, आई, तू वेडी झाली आहेस, आणि मग पाठवलेले फोटो मैत्रिणींना दाखवायची. या दिवाळीच्या आधी योगिनी दुकानात गेली आणि म्हणाली, "तुमच्या त्या रस्त्याने जायचंय मला. सगळे घाट."

आवेज चाकाच्या तारा कसत होता. त्याने हातातली चावी खाली ठेवली. "सापुताऱ्याला वणीवरून जाऊ ना, भाभी. सरळ रस्ता आहे."

"मला करवंदीचा घाट बघायचाय."

त्याने चावी उचलून उरलेल्या तारा कसल्या. मग म्हणाला, "ठीक आहे. मी येतो."

पहिला दिवस चांगला गेला. रामशेजच्या पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्ही अंगांनी खुरासणीची पिवळी शेतं लागली. सावळघाटात योगिनी दोनदा उतरली, पण चालत चढली नाही. श्वास खाली बसला की पुन्हा सीटवर. पेठेला लॉजवर पोचेपर्यंत तिच्या मांड्या दगड झाल्या होत्या. रात्रीच्या जेवणाला आवेजने शेवभाजी मागवली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एक सांगू का? करवंदीच्या घाटात शेखरभाई कधी माझ्याबरोबर चढले नाहीत. बाकी सगळे घाट जोडीने. तो घाट आला की म्हणायचे, तू हो पुढे, सुरगाण्याला थांब. मी तिकडे जाऊन मिसळ सांगून ठेवायचो."

"का?"

"मी कधी विचारलं नाही. वाटायचं, मी जोरात चढतो म्हणून त्यांना लाज वाटत असेल."

शेखरला लाज वाटणं योगिनीला पटेना. लग्नात बेसूर गाणारा माणूस तो.

सकाळी बाऱ्हे सोडलं तेव्हा दरीतून धुकं वर येत होतं. घाटाच्या पायथ्याला पुलावर ते थांबले, पाणी प्याले. रस्ता पुढे दोन वळणं घेऊन धुक्यात शिरत होता.

"तू हो पुढे," योगिनी म्हणाली.

आवेजने तिच्याकडे पाहिलं. ती शेखरचंच वाक्य बोलली होती हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

"माथ्यावर एक चहाची झोपडी आहे. तिथे थांबतो," तो म्हणाला. "त्याच्या पुढे जाणार नाही." आणि पॅडल मारत धुक्यात नाहीसा झाला.

योगिनीने सगळ्यात हलका गिअर टाकला. करवंदीच्या जाळ्या रस्त्यावर झुकल्या होत्या, पानांवरून पाणी ठिबकत होतं. पुढच्या चाकापलीकडे जेमतेम आठ-दहा हात रस्ता दिसे. चढ असा की चाक एकेक वीत सरकत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर तिला मागून सायकल ऐकू आली.

चेन कव्हरला घासत होती. खर्र, खर्र, आणि दर फेऱ्याला एक टक. बरोबर श्वास, दमलेल्या माणसाचा, तोंडाने घेतलेला. गावातलं कुणीतरी कामाला निघालं असेल म्हणून ती डावीकडे सरकली, त्याला वाट दिली. कुणी पुढे आलं नाही. तिने मान वळवून पाहिलं. रस्ता रिकामा होता. ओल्या डांबरावर तिच्या चाकाची एक बारीक रेघ धुक्यातून येत होती, बाकी काही नाही.

तिने पुढे बघितलं, आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

ती थांबली. मागे चपलेचा तळ डांबरावर घासला गेला, ब्रेक नसलेल्या सायकलीवरची माणसं पाय टेकून थांबतात तसा, आणि मग शांत. जाळीतून एक पक्षी फडफडत उडाला तेव्हा तिच्या तोंडून चीत्कार निघता निघता राहिला.

"शेखर?" ती म्हणाली.

कुणीतरी मागे उभं होतं. खोलीत दिवा नसतानाही कुणी बसलेलं असेल तर कळतं, तसं तिला कळत होतं.

शेखरच्या सायकलीला चेनकव्हर नव्हतं. ती सायकल तर तिच्याच खाली होती. शेखर चपला घालून कधी सायकलवर बसला नाही. हे सगळं गणित तिला त्या क्षणीही येत होतं. तिने ते मांडलंच नाही. ती पुन्हा सीटवर बसली आणि हळू, अगदी हळू चढू लागली, मागचा मागे पडू नये म्हणून. चढता चढता ती बोलत होती. लेकीला हॉस्टेल मिळालं. बाल्कनीतली मधुमालती वाळली, पुन्हा लावली. तुझ्या आईला अजून खरं वाटत नाही. श्वास पुरत नव्हता, वाक्यं तुटत होती, आणि मागून तो दुसरा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मग उजवीकडे कठडा आला, पुढे रस्ता डावीकडे वळला, आणि आवाज बंद झाला. चप्पल घासली नाही, सायकल टेकवल्याचा आवाज नाही. कापल्यासारखा बंद. धुक्याच्या वर कुठेतरी कोंबडा आरवला. माथा जवळ होता.

हाच कठडा असणार. ती उतरून त्या दगडांवर हात ठेवून उभी राहिली. दगड गार होते. तिने वाट पाहिली. काही झालं नाही.

तेव्हा तिने जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. तिने सायकल फिरवली आणि त्या ओल्या, उभ्या उतारावरून ब्रेक दाबत पुलापर्यंत खाली गेली. पुन्हा चढायला लागली. तिसऱ्या वळणावर तो होता. खर्र, खर्र, टक. ती पुन्हा बोलली, आणि कठड्याशी तो पुन्हा गप्प झाला. ती पुन्हा खाली उतरली.

तिसऱ्या वेळेला तिच्या पायांत बळ उरलं नव्हतं. हँडल डुगडुगत होतं. आणि या वेळी तो मागे नव्हता, शेजारी होता. श्वास तिच्या खांद्यापाशी येत होता. तिने मान न वळवता फक्त डोळे खाली केले. ओल्या रस्त्यावर तिच्या चाकाच्या बाजूला दुसरी रेघ उमटत चालली होती. रुंद, जाड टायरची, थोडी नागमोडी, ओझं घेऊन चढणाऱ्याची. योगिनी त्या रेघेकडे बघत राहिली. शेखरचे टायर बोटभर रुंदीचे होते, हे आता कितीही ठरवलं तरी विसरता येत नव्हतं. तरी ती म्हणत राहिली, "थांबू नकोस, अजून थोडं, थांबू नकोस," आणि तिचं चाक रस्त्याच्या कडेला, जिथे कठडा नव्हता तिकडे, कधी गेलं ते तिला कळलं नाही.

कुणीतरी तिचं हँडल धरलं. आवेज होता. कठड्यापर्यंत येऊन ती दोनदा परत खाली गेल्याचं त्याने वरून, ब्रेकच्या आवाजावरून ओळखलं होतं, आणि सायकल वरच टाकून तो धावत आला होता.

"भाभी, उतरा. आधी उतरा. कुठे चालला होतात तुम्ही?"

"इथे आहे तो," ती म्हणाली. "ऐक ना. तुला नाही ऐकू येत?"

आवेजने कान दिला. खरोखर दिला, तिचं मन राखायला म्हणून नाही. मग त्याने मान हलवली.

"ती रेघ बघ."

"रस्ता सगळाच ओला आहे, भाभी."

आणि होताही. धुकं विरत होतं, पानांचं पाणी रस्त्यावर ओघळत होतं, रेघ कुठेच नव्हती. आवेजने एका हाताने सायकल आणि एका हाताने तिला धरून माथ्यावर आणलं.

चहाची झोपडी म्हणजे चार खांब, वर पत्रा, मागे कुडाची एक खोली. चुलीपाशी एक म्हातारी बसली होती, वाळलेली, काटक, हातांवर गोंदण. आवेज तिला चहावाली म्हणूनच ओळखत होता. नाव धोंडाबाई. तिने योगिनीच्या हातात कप दिला आणि तिच्या मांडीजवळची सायकल नीट निरखून पाहिली. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत.

"ही शेखरभाऊची सायकल हाय," ती म्हणाली. "तू त्याची मालकीण का?"

योगिनीने मान हलवली.

"आन तीनदा चढली तू. या तुझ्या भावाने सांगितलं, ती खाली जाऊन परत येतीया म्हणून. म्हणजे तुलाबी आला तो मागं."

"कोण?" योगिनीने विचारलं. विचारताना तिला उत्तर नको होतं.

"पुंजा. माझा ल्योक."

धोंडाबाईने ते सरळ सांगितलं, पावसापाण्याचं सांगावं तसं. पुंजा बाऱ्ह्याच्या बाजारातून तांदळाचं गाठोडं क्यारेजला बांधून येत होता. लगीन ठरलं होतं त्याचं. शेवटच्या वळणावर, जिथून ही झोपडी दिसते तिथेच, वरून ट्रक आला. त्याला आता किती वर्षं झाली ते ती सांगू शकत नव्हती. तेव्हा रस्ता अर्धा मुरमाचा होता. त्यानंतर सायकलीने घाट चढणाऱ्या कुणाकुणाला तो भेटायचा. मागून येतो, सोबत करतो, आणि त्या वळणावर राहतो. त्याच्या वर नाय येत. पूर्वी गावची माणसं येऊन सांगायची, मावशे, आज तुझा पुंजा होता. आता सगळ्यांकडे मोटारसायकली झाल्या. मोटारसायकलवाल्याला कुठलं ऐकू येतंय.

"मी इतकी वर्षं येतोय," आवेज हळूच म्हणाला. "मला कधी नाही..."

"तू लय जोरात जातो, बाबा. त्याच्या सायकलीवर तांदूळ हाय."

योगिनीच्या हातातला चहा निवला होता. तिसऱ्या वळणापासून कठड्यापर्यंत, तीन वेळा, ती एका परक्या मुलाशी बोलत होती. लेकीचं हॉस्टेल, मधुमालती, सासूबाई. तिला लाज वाटली, आणि तिच्या खाली, खूप खोल, तिला पुन्हा एकदा तोच दवाखान्याचा फोन आल्यासारखं वाटलं. शेखर इथेही नव्हता.

"शेखरला तो भेटायचा?" तिने विचारलं.

"दर दिवाळीला. म्हणून तर यायचा. पयल्या खेपेला घाबरून पांढराफटक हून आला व्हता हितं. मग मी सांगितलं. मग काय, दर साली येऊन बसायचा या दगडावर आन सांगायचा, मावशे, आज चांगला दमात होता, आज खोकत होता जरा, आज वळणापर्यंत हसत आला. हसत आला ते काय त्याला दिसलं का? पर सांगायचा." ती चुलीत काटकी सारत होती. "तेवढीच खबर मला माझ्या पोराची. मला नाय ऐकू येत ना. मी किती बारी जाऊन बसली त्या वळणावर. सायकलवर असल्याबिगर नाय येत तो."

शेखरने यातलं एक अक्षरही घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आपण हसलो असतो, हे योगिनीला माहीत होतं. गणिताच्या बाईंनी हसून त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

धोंडाबाईने पदराने तोंड पुसलं. आता तिचा आवाज बदलला होता. "त्या दिवशी म्या वाट बघत व्हती. आला नाय म्हणून खाली गेली. बसला व्हता कठड्याला. छातीवर हात. मला बघून म्हणाला, मावशे, पाणी. पाणी पाजलं. डोकं खांद्याशी घेतलं. म्हणला, तो हाय ना अजून मागं? म्हणलं, हाय, हाय. मग डोळं मिटलं त्याने. जीप येईपर्यंत म्या तशीच बसली." ती योगिनीकडे न बघता बोलत होती. "तवापासून मला झोप नाय लागत बाई. माझ्या पोरानं नेला का काय त्याला, सोबतीला? एकटं कटाळलं आसंल. तुझ्या कुंकवाला माझं पोर..."

"नाही," योगिनी म्हणाली.

ती उठून म्हातारीजवळ चुलीपाशी जाऊन बसली. "नाही, मावशी. शेखरचे वडील असेच गेले. त्याचे काकाही. त्याचं हृदय आधीपासून खराब होतं, डॉक्टरांनी दाखवलं मला. घरी बसला असता तर घरी गेला असता. तुमच्या मुलाने काही केलं नाही. मीही एकटीच होते ना आत्ता? मला नेलं का त्याने? मला तर बरं वाटत होतं तो होता म्हणून." तिने म्हातारीचा हात धरला. "तुम्ही होतात त्याच्याजवळ. मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटायचं, एकटा होता."

धोंडाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. आवेज झोपडीबाहेर जाऊन उभा राहिला.

ऊन वर आलं तेव्हा योगिनी बाहेर आली आणि आवेजला म्हणाली, "क्यारेजवाली सायकल मिळेल का इथे कुठे?"

जवळच्या पाड्यावर चिमाजी नावाच्या एकाकडे होती. गोठ्यात, गवताच्या भाऱ्यांखाली, कित्येक वर्षं न फिरलेली. आवेजने ती ओढून काढली आणि तो कामाला लागला. चेन काढली, रॉकेलमध्ये धुतली, तेल दिलं, ट्यूबला तीन ठिगळं लावली, वाकलेलं रिम पायाखाली धरून सरळ केलं. चिमाजी विचारत होता, कशाला पाहिजे, कुठे जायचंय; आवेज एवढंच म्हणाला, "मावशींना एक चक्कर मारून आणायचीय."

धोंडाबाई आधी नको म्हणाली. मग आत गेली आणि धुतलेलं लुगडं नेसून आली. "शेखरभाऊला म्हणलं व्हतं एकदा," ती म्हणाली. "पर त्याच्या सायकलीला बसायला जागाच नाय."

ते सायकल ढकलत तिसऱ्या वळणापर्यंत खाली उतरले. त्या सायकलीला गिअर नव्हते. योगिनी सीटवर बसली, मागे क्यारेजवर पोत्याची घडी टाकून धोंडाबाई एका अंगाला पाय सोडून बसली, आणि आवेजने मागून सीट धरून ढकलायला सुरुवात केली. एका माणसाचं काम नव्हतं ते. दोघांनी मिळूनही एकेक पॅडल म्हणजे विहिरीतून बादली ओढावी तसं होतं. पण म्हातारीचं वजन ते काय, आणि आवेजच्या खांद्यात जोर होता. सायकल हलली, चढू लागली.

योगिनी कान लावून होती. या वेळी तिला काहीच ऐकू आलं नाही. आपला श्वास, आवेजचा श्वास, धुतलेल्या चेनची गुळगुळीत फिरकी. तिला वाटलं, नाही येणार. दिवसाउजेडी, एवढा खटाटोप करून बोलावलं की कोण येतं? म्हातारीला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करू लागली.

मग मागून धोंडाबाईचा आवाज आला. हलका, घरात कुणाशी बोलावं तसा.

"दमला का रं?"

आवेजचा हात सीटवर क्षणभर सैल झाला, पुन्हा घट्ट बसला.

"हळू चल. घाई नाय कसली." मग जरा वेळाने, "नाय रं, लगीन मोडलं तिचं, पर दुसरीकडं झालं. चांगलं झालं. दोन पोरं हायेत." मग हसली. मग कितीतरी वेळ नुसतं नाक ओढण्याचा आवाज. योगिनीने मागे वळून पाहिलं नाही. तिला वाटलं, आपण पाहिलं तर मोडेल.

कठडा आला. ते वळण आलं. योगिनीच्या मांड्या पेटल्या होत्या. मागून धोंडाबाई म्हणाली, "हितं नको थांबू. ते बघ घर. ये, बस माझ्यापाशी. ये रं."

आणि सायकल जड झाली.

एकदम, तांदळाचं पोतं वर टाकावं तशी. मागचं टायर चेपलं, क्यारेजच्या सळ्या कुरकुरल्या. योगिनीचं पॅडल मधेच अडलं, सायकल मागे घसरू लागली.

"भाभी, काय झालं?" आवेज ओरडला.

"ढकल," ती म्हणाली. "काही विचारू नकोस. ढकल फक्त."

त्याने सीट सोडून सरळ क्यारेजला खांदा लावला. योगिनी उभी राहून पॅडलवर सगळं अंग टाकत होती. वळण ते झोपडी हे अंतर पाचशे पावलंसुद्धा नसेल. ते चढताना तिला कशाचाच विचार आला नाही, शेखरचाही नाही. तिच्या पाठीला मागून गार, ओलसर काहीतरी टेकलं होतं, चिंब झालेल्या सदऱ्यासारखं. तिने ते टेकू दिलं.

झोपडीच्या दाराशी धोंडाबाई क्यारेजवरून उतरली. सायकल अशी हलकी झाली की पुढचं चाक उडालं आणि योगिनी पडता पडता वाचली. म्हातारीने मागे वळून पाहिलं नाही. दाराशी ती जरा बाजूला झाली, कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशी, मग स्वतः आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आवेज रस्त्यावर बसला होता. त्याचा शर्ट खांद्यापाशी भिजला होता. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता. तो बराच वेळ त्या ओल्या डागाकडे बघत राहिला, मग त्याने डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

त्यांनी सायकल चिमाजीला परत केली आणि सुरगाण्याची वाट धरली. उतारावर आवेज पहिल्यांदाच तिच्या मागे राहिला. सुरगाण्यात मिसळीच्या टेबलाशी त्याने विचारलं, "भाभी, शेखरभाई कुठे... म्हणजे एकदा तरी, काही..."

"नाही," योगिनी म्हणाली. "एकदाही नाही." आणि ती भुकेली होती, म्हणून खायला लागली.

पुढच्या दिवाळीला ते पुन्हा गेले. योगिनी आता सावळघाटात उतरत नव्हती. करवंदीच्या घाटाच्या पुलावर तिने आवेजला पुढे पाठवलं आणि हलक्या गिअरवर, मुद्दाम सावकाश, घाट चढली. तिसरं वळण आलं, गेलं. कठडा आला. करवंदीची पानं ठिबकत होती. तिच्या चाकाची बारीक रेघ मागे धुक्यात जात होती आणि दुसरी रेघ नव्हती, दुसरा श्वास नव्हता. वर्षभर ती याच सोबतीची वाट बघत होती हे तिला तिथे कळलं, आणि ती सोबत नाही म्हटल्यावर छातीत एक मोठी पोकळी उघडली. कठड्याशी ती थांबली. पाणी प्याली. मग उरलेला चढ चढून गेली.

धोंडाबाई चुलीपाशी होती. जरा अंगाने भरली होती. आवेज दगडावर कप घेऊन बसला होता आणि कप तसाच भरलेला होता.

"मावशी," योगिनी सायकल टेकवत म्हणाली, "कशा आहात?"

धोंडाबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या बंद दाराकडे मान केली.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

योगिनी आवेजच्या शेजारी बसली. तिघांनी चहा घेतला, आणि लेकीचं, दुकानाचं, नागलीच्या पिकाचं जे काही बोलायचं होतं ते सगळं कुजबुजत बोलले.